चार पाऊण तीन

लहान मुलांना घेऊन समुद्रकाठी तंबूत राहायला चाललोय असं ऑफिसात सांगितलं की लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, "पण का?" दुसरा, "टॉयलेटचं काय?" आणि तिसरा कुणी तोंडाने विचारत नाही, नुसता चेहऱ्यावर दिसतो. पोरं एवढीशी, आणि समोर समुद्र...

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं सोपं आहे. हल्ली कोकणात बरेच वाडीवाले वाडीतच तंबू लावून देतात, मागे पक्कं बांधलेलं न्हाणीघर-संडास असतं, सकाळी चुलीवर तापवलेलं पाणी मिळतं. आणि तिसऱ्याबद्दल हा सगळा लेख आहे.

आधी पात्रपरिचय. मी, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस स्क्रीनसमोर बसणारा, पुण्यात जन्मलेला, पोहणं तलावात शिकलेला माणूस. मोठी साडेसहा वर्षांची. तिला कशाचीही भीती वाटत नाही आणि याचीच आम्हाला भीती वाटते. धाकटा साडेतीन वर्षांचा. त्याला मिक्सरचीसुद्धा भीती वाटते. आणि बायको. तिचं आजोळ कोकणातलं, अगदी खाडीच्या काठावरचं. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या तिथे गेल्या, पण समुद्रात ती आजवर कधी गेलेली नाही. गुडघ्यापर्यंत नाही आणि घोट्यापर्यंतही नाही.

त्याला कारण आहे. तिच्या आईचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा असताना खाडीच्या तोंडाशी बुडाला. १९८४ सालची गोष्ट, म्हणजे बायकोच्या जन्माच्याही आधीची. आजोळी माजघरात त्याचा फोटो आहे आणि त्याच्याबद्दल कुणीही काहीही बोलत नाही. मुलांना फक्त एक नियम सांगितला जायचा: पाण्याकडे फिरकायचं नाही. का, ते विचारायचं नाही. बायको म्हणते, समुद्र दिसायचा ओटीवरून, रात्री झोपताना ऐकू यायचा, पण जणू काही तो शेजाऱ्यांचा होता, ज्यांच्याशी आपलं बोलणं नाही!

तिला मी या ट्रिपसाठी कसं तयार केलं याचा वेगळा लेख होईल. तिच्या बाजूने भक्कम पुरावे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची डझनभराहून जास्त मुलं एका दुपारी बुडाली, तेव्हापासून "कोकण ट्रिप" म्हटलं की पुण्यातल्या प्रत्येक आईला ती बातमी आठवते. मी काहीच वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की मोठी आज ना उद्या समुद्रात जाणारच आहे. आपण नेलं नाही तर कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाईल. त्यावर बायको दोन दिवस काही बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने सामानाची यादी करायला घेतली. एक्सेलमध्ये. एकशे चौदा ओळी.

तर, फेब्रुवारीतला एक शनिवार. पहाटे साडेपाचला निघालो, ताम्हिणी उतरून माणगावला मिसळ, लोणेऱ्याला हायवे सोडला, आंबेतला सावित्री ओलांडली आणि मंडणगडमार्गे समुद्राकडे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, पुढच्या वेळी आम्हाला जागा मिळायला हवी ना! एवढं सांगतो की वेळास तिथून फार लांब नाही. (कासवांची पिल्लं बघायला गेला होतात का, असं सगळे विचारतात. नाही. त्यांचा मुख्य हंगाम मार्च-एप्रिलमध्ये असतो.)

वाडीचे मालक आप्पा. सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी, हातात कायम कोयती. वाडी नारळ-सुपारीची, पलीकडे सुरूच्या झाडांची एक ओळ आणि मग पुळण. तंबू ज्या मोकळ्या जागेत होते ती जागा मला फार आवडली. छान ऊन येत होतं, वर आकाश दिसत होतं. मी म्हटलं, "आप्पा, जागा मस्त मोकळी ठेवलीय तुम्ही." ते म्हणाले, "ठेवली नाही हो, झाली."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आप्पांचे वडिलांनी लावलेले माड त्यात गेले. बाणवली जातीचा नारळ लावला तर फळ धरायला सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणजे आज लावलं तर नातवाच्या कामाला. मधल्या काळात खायचं काय? तर पडलेल्या माडांच्या जागी तंबू. आमच्या तंबूच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी नवी रोपं होती आणि "त्याला दोरी बांधायची नाही" ही आप्पांची पहिली सूचना होती. दुसरी सूचना: "उभ्या नारळाखाली तंबू हलवायचा नाही." कारण सांगायची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात एक नारळ धप्पकन पडला.

आमचा तंबू आम्ही स्वतःचा नेला होता, आणि वाळूमिश्रित जमिनीत त्याचे खुंटे काही केल्या धरेनात. आप्पांनी युक्ती दाखवली. पिशवीत वाळू भरायची, तोंड बांधायचं, दोरी तिलाच बांधायची आणि ती पिशवी हातभर खोल पुरायची. खुंटा उपसून येतो, पिशवी येत नाही. आणि तंबूचं दार कुठल्या बाजूला करायचं, तर रात्रीचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो हे लक्षात ठेवून. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांसाठी पाठ केले होते, ते मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा उपयोगी पडले.

दुपारी तीनला पाणी अगदी वर आलेलं होतं. मोठी किनाऱ्यावर खड्डे खणत बसली. धाकटा पाण्याच्या कडेला जेमतेम उभा राहिला आणि लाट परत जाताना किंचाळला, "बाबा, वाळू पळतेय!" तुम्हीही हे अनुभवलं असेल. लाट मागे जाताना टाचांखालची वाळू सरकते आणि आपण मागे ओढले जातोय असं वाटतं. पायाच्या अडथळ्याभोवती पाण्याला वेग येतो, ते कडेची वाळू खरवडून नेतं, एवढंच असतं. पण साडेतीन वर्षांच्या माणसाला ते कोण सांगणार? तो जो कडेवर चढला तो उतरलाच नाही. बायको लांब सुरूच्या सावलीत बसली होती, तिथून मला दर दोन मिनिटांनी "अहो!" ऐकू येत होतं. एरवी ती मला नावाने हाक मारते. अहो म्हणजे परिस्थिती गंभीर!

पाचच्या सुमाराला खरी गंमत सुरू झाली. ऊन उतरलं, सूर्य खाली आला, शेजारच्या रिसॉर्टमधली मंडळी हळूहळू पाण्यात शिरायला लागली. संध्याकाळचा समुद्र दिसतोच तसा, मोठीही निघाली. तेवढ्यात आप्पा आले आणि म्हणाले, "आता नाही हो बाय. सुकती लागलीय." (ओहोटीला ते सुकती म्हणतात.)

मोठीने भोकाड पसरलं. ते सगळे गेलेत, मग मीच का नाही? आता आमच्या घरी अशा वेळी दोन उत्तरं असतात. बायकोचं "नाही म्हटलं ना!" आणि माझं "थोड्या वेळाने बघू." आप्पांनी तिसरंच केलं. ते तिच्या शेजारी वाळूत बसले आणि म्हणाले, "आज तिथी कोण?"

मोठीला अर्थातच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आप्पा म्हणाले, "चतुर्थी. माघी गणपती आज. चार पाऊण किती?"

तर मंडळी, सूत्र असं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. त्यापुढे सहा तासांनी, म्हणजे नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. आप्पांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे घोकलेले. ते धडाधड म्हणत गेले, "बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..."

माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. हे बरोबर का येतं? चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. चोवीस तास भागिले तीस तिथ्या केलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं. आप्पांची पाऊण तासाची पायरी म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला दोन-तीन मिनिटांची चूक, ती साठत साठत पौर्णिमेला पाऊण तासावर जाते (सूत्र सव्वाअकरा म्हणतं, खरी भरती बाराच्या आसपास), आणि प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की चूकही पुसली जाते. टाइम-टेबल नाही, नेटवर्क नाही, बॅटरी नाही. हे आपल्या कोकण-मुंबईच्या किनाऱ्यापुरतंच हं. दुसऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ वेगळी असते, तिथे हे लावू नका.

"मग आता पाच वाजलेत," आप्पा मोठीला म्हणाले. "तीनला पाणी भरलं. पहिला तास सुस्त असतो. मग ते धावतं. आता पाच ते सात सगळ्यात जोरात धावणार, आणि कुठे धावणार? तिकडे." त्यांनी क्षितिजाकडे हात केला.

हेही मी नंतर ताडून पाहिलं. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्श्यांचा एक ठोकताळा आहे. ओहोटीच्या सहा तासांत पाण्याची पातळी पहिल्या तासात एक हिस्सा उतरते, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे निम्मी उतरण मधल्या दोन तासांत. त्या दिवशी ते दोन तास नेमके पाच ते सात होते, आणि सूर्य मावळणार होता साडेसहाच्या सुमाराला. थोडक्यात, ज्या वेळी समुद्र सगळ्यात सुंदर दिसत होता, फोटो काढायला लोक कमरेपर्यंत आत उभे होते, त्याच वेळी तो सगळ्यात जोराने बाहेर ओढत होता.

मोठी रडायची थांबली. तिला पटलं म्हणून थांबली की पाढ्यामुळे बावचळली म्हणून, ते सांगता येत नाही. आप्पांनी तिला शेवाळ आणि काड्याकुड्यांची सुकलेली रेघ दाखवली. "काल रात्रीचं पाणी इथवर आलेलं." तिथे तिने एक काठी रोवली.

रात्री देवळातल्या जन्मोत्सवाचा प्रसाद, चुलीवरचा भात, कुळथाचं पिठलं, ओल्या नारळाची चटणी. धाकटा जेवता जेवताच झोपला. चतुर्थीची कोर दहाच्या आत मावळली आणि मग एवढा अंधार झाला की मोठीने विचारलं, "बाबा, लाइट गेले का?"

आणि मग मध्यरात्रीनंतर कधीतरी मला जाग आली, कारण समुद्र तंबूच्या बाहेर उभा होता. म्हणजे, आवाज तसा येत होता. झोपताना लांब कुठेतरी गाज होती, आता प्रत्येक लाट स्वतंत्र ऐकू येत होती. बायको उठून बसलेली होती, धाकट्याचा पाय हातात घट्ट धरून. ती किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. आम्ही दोघं काही बोलायच्या आत स्लीपिंग बॅगमधून आवाज आला, "तीन वाजले असतील. चार पाऊण तीन."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काठी बघायची?" मोठीने विचारलं. मला वाटलं बायको नाही म्हणणार. तिने धाकट्याला शालीत गुंडाळून उचललं आणि स्वतःच चेन उघडली. आम्ही चौघं टॉर्च घेऊन सुरूंच्या ओळीपर्यंत गेलो. काठी उभी होती, कोरडी. पाण्याचा फेस तिच्या चार-पाच पावलं अलीकडे येत होता आणि परत जात होता. अमावस्येचं उधाण मागे पडलं की भरती रोज थोडी कमी चढते, त्यामुळे कालच्या रेघेपर्यंतही तो पोचला नव्हता.

"म्हणजे येणार नाही तंबूत," मोठी म्हणाली आणि खाली बसली. मग आम्हीही बसलो. वाळू गार होती, वर एवढे तारे की बघवत नव्हते. थोड्या वेळाने बायको बोलायला लागली. मी तिच्या तोंडून हे आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. ती मोठीला सांगत होती, "माझा एक मामा होता. त्याला छान पोहता यायचं. तो एकदा पाण्यात गेला आणि परत आलाच नाही. म्हणून आजी आपल्याला समुद्रावर जाऊ नका म्हणते."

मला वाटलं आता मोठी घाबरेल, की मेला म्हणजे काय, तो आता कुठे आहे, वगैरे. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "तिथी कुठली होती?"

बायकोला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे ओहोटीच्या तळाला, पुळण एवढी रुंद झाली होती की पाण्यापर्यंत चालत जायला पाच मिनिटं लागली. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या. छोटे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं तेवढं खातात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात. धाकट्याने तासभर त्या गोळ्यांचा पाठलाग केला आणि त्या नादात आपण पाण्यात उभे आहोत हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बायको त्याच्या मागे मागे होती, चपला हातात घेऊन. घोट्यापर्यंत. मी काही बोललो नाही, फोटोही काढला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भरती-ओहोटीची वेळ कळली म्हणजे समुद्र कळला असं अजिबात नाही. वाळूतले खड्डे असतात, खाडीचं तोंड असतं, लाटांमुळे तयार होणारे ओढ्यासारखे प्रवाह असतात, जे भरतीतही असतात. (अशा प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग बाहेर यायचं.) पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा बंद असते, तिथे आपण कोण! आणि गावातला माणूस नको म्हणाला तर नको. पण मला जे जाणवलं ते हे, की "जाऊ नको" एवढंच सांगितलेलं मूल आपली पाठ वळली की जातं, नाहीतर आयुष्यभर लांब बसून राहतं. "आत्ता का नाही आणि मग कधी" हे सांगितलेलं मूल निदान घड्याळाकडे बघतं.

पुण्याला पोचल्यावर रात्री नेहमीप्रमाणे सासूबाईंचा फोन आला. पोहोचलात का, जेवलात का. स्पीकरवर होता. मोठी मध्ये घुसली, "आजी, मामा गेला तेव्हा तिथी कुठली होती?"

बायकोने तोंडावर हात ठेवला. मी फोन उचलायला धावलो. पण सासूबाईंचं उत्तर लगेच आलं, जणू तयारच होतं. "रंगपंचमी. पोरं रंग धुवायला गेली होती. पाच वाजून गेले होते."

मोठी बोटं मोडायला लागली. तिला पाऊणकी येत नाही, मी तिला निम्मे आणि निम्म्याचे निम्मे अशी बेरीज शिकवली होती. पाचाचे अडीच, अडीचाचे सव्वा. बराच वेळ लागला. "पावणेचार," ती शेवटी म्हणाली. "पावणेचारला भरती. म्हणजे पाचला सुकती लागली होती, आजी. आप्पा म्हणाले तेव्हा पाणी धावतं."

पलीकडे शांतता. मला एकदम वाटलं, याला एकच कारण नसतं वगैरे काहीतरी बोलावं. बायकोने डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"आमच्या घरात पंचांग रोज वाचलं जायचं," सासूबाई म्हणाल्या. "पण पाण्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. कोळणींना ठाऊक असायचं, आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले, त्याला पोहता येत होतं, मग कसा गेला. चाळीस वर्षं मीही तेच म्हणतेय." मग जरा थांबून, "पाणी ओढत होतं म्हणजे."

"हो," मोठी म्हणाली.

मग त्यांनी धाकट्याची चौकशी केली, त्याने खेकड्यांच्या गोळ्यांचं लांबलचक आणि कुणालाही न समजणारं वर्णन केलं. मोठीने मे महिन्यात आपण परत आप्पांकडे जाणार आहोत हे जाहीर करून टाकलं, जे मला आणि बायकोला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं आता ठरलेलं उत्तर येणार.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "पण दिवस ठरवायच्या आधी मला फोन करा. तिथी मी बघून सांगेन."